वकिलांच्या फर्मचा मराठी पॉडकास्ट: नियम ३६ सांभाळून नेमका कसा करावा?

दावाअर्ज

नमस्कार. पुण्यातल्या सहा वकिलांच्या फर्मसाठी विचारतोय. गृहनिर्माण संस्था, मालमत्तेची कागदपत्रं आणि कलम १३८ च्या चेक बाउन्स केसेस ही मुख्य कामं. मराठीत पॉडकास्ट काढायचं नक्की झालंय. मार्केटिंगवाल्यांचा प्रस्ताव असा आहे: दर आठवड्याला तासाभराची मुलाखत, पाहुणे म्हणून ओळखीचे चेहरे, दोन-तीन समाधानी पक्षकारांचे अनुभव, शेवटी 'मोफत सल्ल्यासाठी या नंबरवर फोन करा' आणि त्याचेच तुकडे पैसे भरून इन्स्टाग्रामवर.

बार काउन्सिलचा नियम ३६, म्हणजे वकिलांवरची जाहिरातबंदी, पाहता हे जसंच्या तसं चालणार नाही, हे दिसतंच आहे. पण मग काय उरतं? जाणकारांनी तपशिलात लिहावं. नियम, रेकॉर्डिंग, विषय, आणि उपयोग होतोय का हे मोजायचं कसं, सगळंच हवंय.

सनद६१

पॉडकास्ट करता येतो, आणि त्याचा आधार नियम ५१ मध्ये आहे. बहुतेक जण ३६ वर थांबतात, पुढे वाचत नाहीत. नियम ५१ म्हणतो की जाहिरातबंदीच्या आणि पूर्णवेळ नोकरीच्या नियमांना बाधा न आणता वकील प्रसारण, पत्रकारिता, व्याख्यानं आणि अध्यापन करू शकतो. विषय कायद्याचा असो वा नसो. पॉडकास्ट हे सरळसरळ प्रसारण आहे. त्यामुळे प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे प्रसारण आहे की काम मागणं?

नियम ३६ चे शब्द मुळातून वाचा. प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागायचं नाही, जाहिरात करायची नाही. मग मार्गांची यादी येते: परिपत्रकं, जाहिराती, दलाल, वैयक्तिक संपर्क, ओळखीपाळखीच्या नात्याशिवाय दिलेल्या मुलाखती, वर्तमानपत्रात छापून आणलेला मजकूर, आपण चालवत असलेल्या केसच्या संदर्भात छापून आणलेला फोटो. पाटीसुद्धा माफक आकाराची हवी, आणि तिच्यावर अमुक प्रकारच्या कामात विशेष प्रावीण्य आहे असं लिहायचं नाही. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटला मुभा दिली, पण ती ठरावीक माहितीपुरती: नाव-पत्ता-फोन-ईमेल, सनद क्रमांक आणि तारीख, कोणत्या राज्याची बार काउन्सिल, कोणत्या बार असोसिएशनचं सदस्यत्व, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं. पॉडकास्टच्या पानावर फर्मचा परिचय द्यायचाच असेल तर एवढाच द्या. 'अग्रगण्य', 'नामांकित', 'शंभर टक्के यश' यातला एकही शब्द नको.

वातावरण सध्या कडक आहे, हेही लक्षात घ्या. जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन मंचांवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई सुरू करण्याबाबत बार काउन्सिल ऑफ इंडियाला निर्देश दिले. १७ मार्च २०२५ च्या प्रसिद्धिपत्रकात बार काउन्सिलने सिनेकलाकार, इन्फ्लुएन्सर आणि प्रचारकी व्हिडिओ वापरून होणाऱ्या जाहिरातींवर थेट बोट ठेवलं. तक्रार झाली तर ती महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार काउन्सिलच्या शिस्तपालन समितीपुढे येते. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली समज देण्यापासून सनद निलंबित करणं किंवा नाव पटावरून कायमचं काढणं इथपर्यंत शिक्षा आहे. आणि ती फर्मला होत नाही, ज्याच्या नावावर सनद आहे त्या माणसाला होते. सहा जणांच्या फर्ममध्ये माईकसमोर कोण बसतो, हा म्हणून साधा प्रश्न नाही.

आता प्रस्ताव. ओळखीचे चेहरे, पक्षकारांचे अनुभव, मोफत सल्ल्याचा नंबर आणि पैसे भरून दाखवलेले तुकडे, हे चारही बाद. पैसे देऊन दुसऱ्याच्या पॉडकास्टवर पाहुणा म्हणून जाणंही बाद. मुलाखतीचा शब्द नियमातच आहे. प्रायोजकही घेऊ नका. बिल्डर किंवा बँक प्रायोजक असेल, तर उद्या त्यांच्याविरुद्धचा पक्षकार समोर येईल तेव्हा अडचण होते. होस्टिंग सेवेत आपोआप जाहिराती टाकायचा पर्याय असतो, तो पहिल्याच दिवशी बंद करा. यूट्यूब मात्र तुम्ही कमाई सुरू केलेली नसली तरी जाहिरात दाखवू शकतं, त्यावर तुमचं नियंत्रण नाही.

उरतं ते कायद्याची माहिती, तीही नेमकी आणि ज्याला गरज आहे त्याला कळेल अशी. माझ्या मते फर्मला खरा फायदा याचाच होतो. वकिलाचं नाव लोकांना बहुतेकदा कोणीतरी सुचवलेलं असतं: सीए, दुसरा वकील, सोसायटीचे सेक्रेटरी. नाव मिळाल्यावर माणूस ते शोधतो. तिथे त्याच्याच प्रश्नावर पंधरा मिनिटं स्वच्छ मराठीत बोलणारा वकील ऐकू आला, तर फोन करायचा की नाही हे त्याचं तो ठरवतो. पॉडकास्ट अनोळखी गिऱ्हाईक ओढण्यासाठी करू नका, आलेलं नाव पक्कं करण्यासाठी करा.

कायद्याचीबाराखडी

+१. नियम ५१ चा मुद्दा फार महत्त्वाचा. एक भर घालते. श्रोत्यांचे प्रश्न मागवायचा मोह होतो, तो जपून. व्हॉट्सअॅपवर कोणी पाच मिनिटांचा आवाज पाठवून भावाभावांचा अख्खा वाद सांगितला, आणि दुसरा भाऊ आधीच तुमचा पक्षकार असला तर? शिवाय एखाद्याच्या विशिष्ट वादावर तुम्ही प्रसारणात सल्ला दिला, तर नियम ३३ उभा राहू शकतो: एका पक्षाला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचं काम घेता येत नाही. प्रश्न घ्यायचेच असतील तर छोटा लेखी फॉर्म ठेवा. त्यावर ठळक लिहा: नावं, पत्ते, केस नंबर आणि घटनाक्रम लिहू नका, फक्त कायद्याचा प्रश्न लिहा. आणि तो फॉर्म उघडणारी व्यक्ती पक्षकारांची यादी पाहून मगच प्रश्न पुढे देईल, अशी व्यवस्था करा.

ध्वनिवेध

नियमांचं जाणकारांनी लिहिलंच आहे, मी रेकॉर्डिंगचं बोलतो. वकिलांच्या ऑफिसात आवाज बिघडतो तो ठरलेल्या तीन ठिकाणी: काचेचं टेबल, डोक्यावरचा पंखा आणि माईकपासूनचं अंतर.

महागडा कंडेन्सर माईक घेऊ नका. तो खोलीतलं सगळं ऐकतो, खालच्या रिक्षेच्या हॉर्नसकट. डायनॅमिक माईक घ्या. यूएसबी (थेट लॅपटॉपला) आणि एक्सएलआर (ऑडिओ इंटरफेसला) अशा दोन्ही जोडण्या असलेले सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स या कामाला पुरेसे आहेत. दोघं बोलणार असतील तर दोन एक्सएलआर माईक आणि दोन इनपुटचा इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी, लागते. एकाच लॅपटॉपला दोन यूएसबी माईक लावले तर दोन्हींची घड्याळं थोडी वेगळी चालतात आणि अर्ध्या तासात आवाज पुढेमागे व्हायला लागतो. डायनॅमिक माईकला फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसमधून माईकला जाणारी वीज, लागत नाही, ते बटण बंद ठेवा.

खोली निवडताना एक गोष्ट उलटी केली जाते. कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो, म्हणजे बोलणारा आणि बोलणाऱ्याच्या *मागची* भिंत. त्यामुळे पुस्तकांची कपाटं माणसाच्या पाठीशी हवीत, माईकच्या पाठीशी नकोत. तुमच्याकडे लॉ रिपोर्टांच्या, म्हणजे निकालांच्या छापील खंडांच्या, रांगा असतीलच. जाड-पातळ खंडांची उघडी फळी आवाजाचे परावर्तन छान तोडते. काचेचे दरवाजे असलेलं कपाट असेल तर दरवाजे उघडा. टेबलावर घोंगडी किंवा दुहेरी सतरंजी टाका. ती नसेल तर आवाज टेबलावरून आपटून थोड्या उशिराने माईकमध्ये शिरतो आणि डब्यातून बोलल्यासारखा येतो. हे नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही.

तोंड आणि माईक यांत चार ते सहा बोटं अंतर ठेवा. माईक नाकासमोर नको. ३०-४० अंश बाजूला आणि तोंडाकडे वळवलेला हवा. मराठीत भ, फ, ध, ख सतत येतात आणि त्यांची फुंकर थेट माईकच्या पडद्यावर बसते. 'फिर्याद', 'भाडेकरू', 'फौजदारी' हे शब्द म्हणून तपासा. गेन, म्हणजे माईकची पातळी, असा लावा की जोरात बोलल्यावर पातळी उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मध्ये राहील. कोर्टात बोलायची सवय असलेले लोक तपासणीच्या वेळी हळू बोलतात आणि मुद्द्यावर आले की आवाज चढवतात, त्यामुळे तपासणीला एखादा परिच्छेद युक्तिवादाच्या आवाजात वाचायला लावा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, प्रत्येक माईकचा वेगळा ट्रॅक. पंखा आणि एसी बंद. सुरुवातीला सगळे गप्प बसून अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. गोंगाट कमी करायच्या फिल्टरला नमुना लागतो आणि संपादनात दोन वाक्यांमधली फट भरायलाही तोच कामी येतो.

संपादनात आधी ८० हर्ट्झच्या खालचं कापा, मग गरज असेल तर हलका नॉइज रिडक्शन, मग कंप्रेशन (आवाजाचे चढ-उतार कमी करणं), आणि शेवटी लाउडनेस (एकूण आवाजाची पातळी). अॅपलचा सल्ला उणे १६ एलयूएफएसच्या (लाउडनेसचं माप) आसपास आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वात उंच टोक, उणे १ डीबीच्या वर जाऊ न देण्याचा आहे. ऑडॅसिटी या मोफत संपादन सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे, ते पुरतं. निव्वळ बोलण्यासाठी मोनो, ९६ केबीपीएस एमपी३ पुष्कळ: मिनिटाला साधारण ०.७२ एमबी, म्हणजे वीस मिनिटांचा भाग साडेचौदा एमबीच्या आत. तालुक्याच्या गावी मोबाइल डेटावर ऐकणाऱ्याला याने फरक पडतो.

आवाज 'सुधारणारी' एआय साधनं जोरात लावली तर शब्दांच्या कडा खातात. इतर विषयांत चालून जाईल, कायद्यात नाही. 'करता येईल' आणि 'करता येणार नाही' यांतला 'नाही' पुसट झाला तर अनर्थ. ती वापरलीत तर मूळ फाइल शेजारी ठेवून पूर्ण ऐका.

दावाअर्ज

ध्वनिवेध, फार उपयुक्त. बाहेरगावच्या पाहुण्याला झूमवर घेतलं तर?

ध्वनिवेध

झूममध्ये प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये साठवायचा पर्याय आहे, तो आधी सुरू करा, आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. तरीही इंटरनेट डगमगलं की आवाज तुटतो. त्यापेक्षा पाहुण्याने स्वतःच्या मोबाइलवरचा रेकॉर्डर तोंडाजवळ धरून चालू ठेवावा आणि फाइल नंतर पाठवावी. सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवली की जुळवणं सोपं जातं. इअरफोन मात्र सक्तीचे, नाहीतर तुमचा आवाज त्याच्या माईकमध्ये शिरतो. आणि फाइल व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट म्हणून मागवू नका, ती दाबली जाते. ड्राइव्हवर टाकायला सांगा.

संहिता_लेखन

विषयाबद्दल. तासाभराची मुलाखत विसरा. 'मालमत्ता कायदा: एक परिचय' कोणी शोधत नाही. 'सेक्रेटरी कागदपत्रं दाखवत नाहीत, सभासदाने काय करावं' हे शोधतात. एक प्रश्न, एक भाग, बारा ते अठरा मिनिटं. तुमच्या ऑफिसात पहिल्या भेटीत लोक जे प्रश्न विचारतात त्यांची यादी कारकुनाकडून आणि ज्युनियर्सकडून काढून घ्या. ज्या शब्दांत विचारतात ते शब्द तसेच लिहा. भागाचं नाव त्यातूनच येतं. पहिले आठ भाग लिहून, रेकॉर्ड करून तयार असल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नका. मोठ्या सुनावण्या लागल्या की रेकॉर्डिंगच पुढे ढकललं जातं, आणि फर्मचे पॉडकास्ट चौथ्या-पाचव्या भागानंतर थांबतात ते यामुळेच. आठवड्याला एक हट्टाने करण्यापेक्षा महिन्याला दोन करा, पण तारखा पाळा.

चेक बाउन्सचा एक भाग कसा बांधायचा ते पाहा. सुरुवातीच्या पंधरा सेकंदांत: हा भाग अमुक तारखेला रेकॉर्ड केला आहे, माहिती सर्वसाधारण आहे, ती ऐकल्याने वकील-पक्षकार नातं तयार होत नाही. मग लगेच प्रश्न: चेक परत आला, आता किती दिवस आहेत?

इथे दिवसांचा हिशेब तारखांसकट सांगा. बँकेचा मेमो ५ मार्चला हातात पडला. तो दिवस वगळून तीस दिवस, म्हणजे नोटीस ४ एप्रिलपर्यंत पाठवायला हवी. चेक देणाऱ्याला नोटीस ८ एप्रिलला मिळाली. पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस, २३ एप्रिलपर्यंत. तोवर दिले नाहीत तर २४ एप्रिलला तक्रारीचं कारण घडतं आणि तिथून एक *महिन्याच्या* आत तक्रार दाखल करायची. हा कॅलेंडरचा महिना आहे, तीस दिवस नव्हेत. बोलताना सगळे 'तीस, पंधरा, तीस' असं म्हणून जातात, तसं म्हणू नका. पंधरा दिवस संपायच्या आधी तक्रार घातली तर ती टिकत नाही, हेही इथेच सांगा. नोटिशीची मुदत जुन्या लेखांत पंधरा दिवस दिसते, कारण २००२ च्या दुरुस्तीआधी ती तेवढी होती. ऐकणाऱ्याने ते कुठेतरी वाचलेलं असतं, त्यामुळे जुनी मुदत का दिसते हे एका वाक्यात सांगितलं की त्याचा गोंधळ मिटतो. पुढे चेकची वैधता तीन महिने, तक्रार कोणत्या कोर्टात (२०१५ च्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेल्या चेकसाठी, घेणाऱ्याचं खातं असलेल्या शाखेच्या हद्दीत), कोणती कागदपत्रं जपायची: मूळ चेक, मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती, पोचपावती किंवा ट्रॅकिंगचा छापील कागद. आणि संपवायचं. 'संपर्क करा' म्हणायचं नाही. 'मुदती कडक आहेत, कागद घेऊन आपल्या वकिलांना वेळेत भेटा' एवढं पुरे. *आपल्या* वकिलांना, आम्हाला नव्हे.

संख्यांबद्दल एक सूचना मनापासून. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर हेडफोनवर सारखे वाटतात. कलमाचा आकडा दोनदा सांगा: 'कलम एकशे अडतीस, एक-तीन-आठ'. तारीख आणि रकमेलाही हीच पद्धत. आपोआप होणाऱ्या मराठी लिप्यंतरात सर्वात जास्त चुका आकड्यांत आणि निकालांच्या नावांत होतात, म्हणून प्रसिद्ध करायच्या मजकुरातला प्रत्येक आकडा माणसाने तपासायचा.

सनद६१

उत्तम. संहितेतली कलमं हा वेगळा धडा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे आले आणि त्याआधीच्या फौजदारी विषयावरच्या भागांतले आकडे एका रात्रीत जुने झाले. ४२० ची फसवणूक आता न्याय संहितेच्या ३१८ मध्ये, ३०२ चा खून १०३ मध्ये, पत्नी-मुलांच्या पोटगीचं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ मध्ये. लोक अजून जुनेच आकडे बोलतात आणि शोधतात, म्हणून नाव देताना दोन्ही द्या. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागू होते, हेही सांगायला हवं; नुसतं 'आता हे कलम आलं' म्हटलं की ऐकणारा चुकीचा निष्कर्ष काढतो. प्रत्येक भागामागे एक साधा तक्ता ठेवा: कोणते कायदे, कोणती कलमं, कोणते निकाल, शेवटची तपासणी कधी. सहा महिन्यांनी एखाद्या ज्युनियरने तो तक्ता घेऊन बसायचं.

गोपनीयता. स्वतःच्या केसेस नावं बदलूनही सांगू नका. लहान गावात 'एका डॉक्टर दांपत्याची केस' म्हटलं तरी लोक ओळखतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ खाली घटस्फोटासारखी कार्यवाही बंद दाराआड चालते आणि तिच्यातला मजकूर परवानगीशिवाय प्रसिद्ध करणं दंडनीय आहे. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २३ आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. शाळा, गाव, नातं यांतूनही ती उघडी पडते. उदाहरण लागलं तर पूर्णपणे रचलेलं घ्या आणि 'हे काल्पनिक उदाहरण आहे' असं तिथेच म्हणा. सुरू असलेल्या केसवर भाष्य नको, मग ती तुमची असो वा दुसऱ्याची.

निकाल वाचून दाखवायला हरकत नाही. कोर्टाने मनाई केलेली नसेल तर निकालाचं पुनर्मुद्रण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुक्त आहे. पण लॉ रिपोर्टमधली हेडनोट (निकालाच्या वर दिलेला संपादकीय सारांश) ही त्या प्रकाशकाची मेहनत असते. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या निकालात सुप्रीम कोर्टाने हा फरक नीट मांडला आहे. म्हणून कोर्टाच्या संकेतस्थळावरून मूळ निकाल घ्या, परिच्छेद क्रमांक सांगा, सारांश स्वतःच्या शब्दांत करा. हायकोर्टांच्या थेट प्रक्षेपणातले तुकडे परवानगीशिवाय लावू नका.

न्यूजर्सीचा_वारकरी

अमेरिकेतल्या मराठी वकिलांसाठी लिहितो, कारण इथलं गणित वेगळं आहे. १९७७ च्या बेट्स विरुद्ध स्टेट बार ऑफ अॅरिझोना या निकालापासून वकिलांची जाहिरात इथे घटनेने संरक्षित आहे. त्यामुळे फोन नंबर, 'भेटीची वेळ घ्या' हे इथे चालतं. बंधनं दुसरीकडे आहेत. अमेरिकन बार असोसिएशनच्या नमुना नियमांत ७.१ प्रमाणे मजकूर दिशाभूल करणारा नको. मोठ्या रकमेचा निकाल सांगितला आणि प्रत्येक केस वेगळी असते हे सांगितलं नाही, तर तो दिशाभूल ठरू शकतो. ७.२ प्रमाणे मजकुराची जबाबदारी घेणाऱ्या वकिलाचं किंवा फर्मचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, तो प्रत्येक भागाच्या वर्णनात टाका. प्रत्यक्षात लागू होतात ते आपापल्या राज्याचे नियम, आणि ते सारखे नाहीत. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये ठरावीक जाहिराती बारकडे दाखल कराव्या लागतात.

गोपनीयतेत इथलं धोरण आणखी कडक आहे. असोसिएशनच्या २०१८ च्या औपचारिक मत क्रमांक ४८० नुसार, माहिती कोर्टाच्या सार्वजनिक कागदांत असली तरी वकिलाने ती पक्षकाराच्या संमतीशिवाय जाहीर भाष्यात वापरू नये.

इमिग्रेशनवर बोलणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तो फेडरल कायदा असल्याने श्रोता कोणत्याही राज्यातला चालतो. वारसा, घटस्फोट, घरखरेदी हे राज्याराज्यात बदलतं, तिथे कोणत्या राज्याबद्दल बोलताय हे पहिल्या मिनिटात सांगा. आणि पुण्यातल्या फ्लॅटच्या मृत्युपत्रावर न्यूजर्सीच्या सनदेवर बोलू नका. त्या भागासाठी महाराष्ट्रातला वकील पाहुणा घ्या. अशा भागांना इथल्या मराठी मंडळींकडून खरी मागणी आहे.

फीडबहाद्दर

वितरण आणि मोजणी राहिली. आरएसएस फीड, म्हणजे पॉडकास्ट अॅप्सना नवे भाग पोचवणारी ऑनलाइन यादी, स्वतःच्या ताब्यात ठेवा: होस्टिंगचं खातं फर्मच्या ईमेलवर, मार्केटिंगवाल्यांच्या नाही. करार संपला आणि फीड त्यांच्याकडे राहिली तर श्रोतेही तिकडेच राहतात. होस्ट बदलायचा झाला तर जुन्या फीडवरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमची आपोआप वळवणी, लागतं, ते देणारीच सेवा निवडा. फीडमध्ये भाषा 'एमआर' म्हणजे मराठी अशी नोंदवा. पुष्कळ जण इंग्रजीच राहू देतात आणि मराठी शोधणाऱ्यांच्या यादीत येत नाहीत. मुखचित्र चौरस, १४०० ते ३००० पिक्सेल, आणि अक्षरं मोबाइलवर नखाएवढ्या आकारातही वाचता येतील अशी. गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे अॅपल, स्पॉटिफाय आणि यूट्यूब ही तीन दारं पुरे. यूट्यूबवर प्लेलिस्टला पॉडकास्ट म्हणून नोंदवता येतं. मराठी श्रोता सर्वात जास्त तिथेच भेटतो असं माझं मत आहे, स्थिर चित्रावर आवाज असला तरी.

डाउनलोडच्या आकड्यावर भाळू नका. आयएबी या ऑनलाइन जाहिरात क्षेत्राच्या संघटनेच्या मापदंडात किमान एक मिनिटाचा आवाज उतरला की एक डाउनलोड, आणि चोवीस तासांत त्याच ठिकाणाहून पुन्हा उतरला तर तो मोजत नाहीत. ऐकलं की नाही, हे त्यातून कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनच्या आयओएस १७ ने आपोआप उतरवण्याची पद्धत बदलली आणि श्रोते तेवढेच असूनही अनेकांचे आकडे खाली आले. पाहायचं ते अॅपल आणि स्पॉटिफायवरचं 'किती टक्के ऐकलं'. पहिल्या दोन मिनिटांत निम्मे गळत असतील तर प्रस्तावना लांबली आहे. आणि सर्वात खात्रीचं साधन तुमच्या रिसेप्शनवर आहे: पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये 'नाव कोणाकडून कळलं' आणि 'येण्याआधी आमचं काही ऐकलं किंवा वाचलं का' असे *दोन* वेगळे रकाने. सनद६१ म्हणतात तसं, नाव सीएकडून आलेलं असतं आणि खात्री पॉडकास्टमुळे झालेली असते. एकच रकाना ठेवला तर पॉडकास्ट कुठेच दिसत नाही.

दावाअर्ज

सगळ्यांचे आभार. प्रस्ताव परत पाठवतोय. दोन शंका उरल्या. भाग प्रसिद्ध झाल्यावर पक्षकारांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकलेली चालेल का? आणि प्रसिद्ध झालेल्या भागात कायद्याची चूक सापडली तर काय करायचं?

सनद६१

ग्रुपवर घाऊक लिंक टाकू नका. नियमातल्या 'परिपत्रकं' आणि 'वैयक्तिक संपर्क' या शब्दांत ते सहज बसतं, आणि तक्रारदाराला स्क्रीनशॉट आयता मिळतो. कोणी तोच प्रश्न विचारला आणि उत्तरादाखल लिंक दिली, तर गोष्ट वेगळी. ज्यांना हवं ते स्वतः चॅनेलला जोडले जातील अशी सोय ठेवा. श्रोत्यांनी आपणहून पुढे पाठवलं तर तो त्यांचा प्रश्न.

फीडबहाद्दर

चूक सापडली की त्याच दिवशी दुरुस्त करा. भाग काढून नव्याने टाकू नका. जुनी लिंक मरते आणि ज्यांनी पुढे पाठवली त्यांच्याकडे ती तशीच पडून राहते. होस्टिंगमध्ये त्याच भागाची ऑडिओ फाइल बदला, भागाची ओळख म्हणजे जीयूआयडी तीच राहू द्या. यूट्यूबवर मात्र फाइल बदलता येत नाही, तुकडा कापता येतो. तिथे चुकीचं वाक्य कापा, आणि दुरुस्ती टिप्पणीत लिहून ती सर्वात वर पिन करा.

पण ज्यांनी भाग आधीच फोनवर उतरवून घेतलाय त्यांच्याकडे जुनी फाइलच राहते. म्हणून नुसती बदललेली फाइल पुरत नाही. भागाच्या नावात 'दुरुस्त' शब्द घाला. वर्णनाच्या पहिल्या ओळीत तारीख, कितव्या मिनिटाला काय चुकलं आणि बरोबर काय ते लिहा. आणि दोन मिनिटांचा वेगळा भाग टाका: 'अमुक भागातली दुरुस्ती'. मुदतीचा आकडा चुकला असेल तर हा छोटा भाग टाळूच नका, कारण त्या आकड्यावर विसंबून कोणी कॅलेंडरवर खूण करून बसलेलं असू शकतं. दुरुस्तीत आधी बरोबर आकडा सांगा, चुकीचा नंतर; अर्धवट ऐकणाऱ्याच्या कानात पहिला आकडाच राहतो.

संहिता_लेखन

याला जोडून: रेकॉर्डिंगमध्ये बसलेला नसलेल्या एका वकिलाने प्रत्येक भाग संहिता हातात न घेता, नुसता कानाने ऐकायचा, आणि ऐकू येईल तो प्रत्येक आकडा कागदावर लिहून मूळ कायद्याशी ताडून पाहायचा. पंधरा मिनिटांच्या भागाला पाऊण तास लागतो. वाचताना डोळा चुकीच्या आकड्यावरून घसरतो, कान सहसा अडतो. हा टप्पा झाल्याशिवाय प्रसिद्धीची तारीख लावू नका.